चौसष्टांतले तेवीस

चष्मेवाल्याने तिच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवली, डाव्या डोळ्यापुढे काळी चकती सरकवली आणि उजव्यात एक भिंग टाकून विचारलं, "आता बरं, का आधीचं बरं?" तिला काहीच फरक जाणवला नव्हता. पण तसं सांगायचा उगाच संकोच वाटून ती समोरच्या पाटीवरची खालची ओळ लावत बसली. काउंटरवर रेडिओ चालू होता, बातम्या लागल्या होत्या. पाणीकपात, मग कुठल्याशा पुलाचं रखडलेलं काम, आणि मग घसा साफ करून वनमंत्री बोलायला लागले. "आमच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध करून दाखवलंय. सात वर्षं जंगलाला एकटं सोडा, ते स्वतःहून परत येतं." चष्मेवाल्याने भिंग बदललं. "आता?" तिचे कान रेडिओकडे लागले होते. मंत्री म्हणत होते, तोड झालेल्या सगळ्या जागा सरसकट सात वर्षांसाठी बंद. लागवड नाही, खोदाई नाही, कुणी आत पाऊल टाकायचं नाही. पुढच्या महिन्यात नियम निघेल. ती चौकटीसकट उठून उभी राहिली आणि दुकान एका बाजूला कलल्यासारखं झालं. "अहो, बसा, भिंग पडेल," चष्मेवाला म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने आवाज कमी केला. "तुमचं काही आहे का त्यात?"

"ते वाक्य माझं आहे," ती म्हणाली.

"अरे वा! मग तोंड असं का?"

"अर्धंच आहे."

चौकट काढून ठेवून, नंबर न घेताच ती बाहेर पडली. रस्त्यात ऊन होतं, फळवाल्याच्या गाडीभोवती माणसं होती, सिग्नलला नेहमीची गर्दी होती, आणि या सगळ्यातून चालताना तिच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता, सरसकट. एकोणीस वर्षांत तिने हा शब्द एकदाही लिहिला नव्हता. चौसष्ट प्लॉट होते तिचे, प्रत्येक वीस पावलं लांब आणि वीस पावलं रुंद, चार कोपऱ्यांना चार खांब. दरवर्षी पानगळ संपली की जायचं, प्रत्येक रोपाचा घेर मोजायचा, उंची मोजायची, पत्र्याच्या बिल्ल्यावरचा नंबर वहीत लिहायचा. सुरुवातीला तिच्याबरोबर तीन सहकारी असत. एक परदेशी गेला, एक हिशेबखात्यात गेली, एक वारला. उरली ती आणि डोंगराकडचा वनरक्षक, ज्याला सगळे दादा म्हणत, त्याचे वरिष्ठसुद्धा. चौसष्टपैकी एक्केचाळीस ठिकाणी जंगल खरंच आपलं आपण उठून उभं राहिलं होतं. कापलेल्या बुंध्यांना फुटवे आले, जवळच्या मोठ्या झाडांचं बी वाऱ्याने येऊन रुजलं, सातव्या वर्षी सावलीत उभं राहता येऊ लागलं. तेवीस ठिकाणी काही म्हणजे काही झालं नाही. तिथे यंत्राने बुंधे मुळासकट उपटले होते, ओंडके ओढून ओढून माती फरशीसारखी झाली होती, बी द्यायला दृष्टीच्या टप्प्यात एक झाड नव्हतं. सात काय, सतरा वर्षं सोडली असती तरी तिथे गवतच राहिलं असतं. अशा जागी रोपं लावावीच लागतात. यात गुंतागुंतीचं काही नव्हतं. कुठल्याही माळ्याला पाच मिनिटांत समजलं असतं. मंत्र्यांना समजायला मात्र ते त्यांच्यापर्यंत पोचायला हवं होतं, आणि पोचलं होतं ते एक्केचाळीस तेवढं.

घरी आई खिडकीपाशी बसून मटार सोलत होती. आईला एक्क्याऐंशीवं लागलं होतं, कान अजून शाबूत होते. तीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, त्यामुळे घरात कुणीही बोलत असलं की तिची मान जराशी कलायची, जणू लाइन नीट लागली आहे की नाही ते ऐकतेय. रेडिओ तिनेही ऐकला होता. "तुझं वाक्य म्हणाले गं मंत्री," ती कौतुकाने म्हणाली. "नाव नाही घेतलं, पण मी ओळखलं."

"आई, ते चूक आहे."

"का? तूच तर म्हणायचीस."

तिने सगळं सांगितलं. तेवीस जागा, मुळं, माती. आई सोलत होती, दाणे वाडग्यात पडत होते. "आमच्या संस्थेत एक आहे ना, एकपानी, त्याने काढलं ते," ती शेवटी म्हणाली. "त्याला सगळं एका पानात लागतं. माझी एकशे चाळीस पानं त्याने एका पानात बसवली. मग तेवीस कुठे मावणार?"

आईचे हात थांबले. "आणि ते पान तू वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं."

"मग?"

"आई, तुला नाही कळायचं," ती म्हणाली आणि हात धुवायला आत गेली. नळ जरुरीपेक्षा जास्त वेळ चालू राहिला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तोवर तिने खात्याला तीन अहवाल पाठवले होते. तिन्हींची पोच आली होती, त्यापलीकडे काही नाही. मग एका सकाळी दादा बसने चार तास प्रवास करून शहरात आला, संस्थेच्या पायऱ्यांवर तिची वाट बघत बसला. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. तिला वाटलं, नातवाची काही खुशखबर असेल. त्याने डबा पुढे केला. "मोजून घ्या बाई. दोनशे बारा पाहिजेत. सहा नाही सापडले." आत तिचे बिल्ले होते, नऊ नंबरच्या प्लॉटचे. काही वाकलेले, काहींना अजून साल चिकटलेली. नऊ नंबर हा तिचा लाडका प्लॉट. तिथली झाडं तिच्या डोक्यावर हातभर गेली होती, आदल्या वर्षी तिथे तिने डबा खाल्ला होता, सावलीत बसून. वनखात्याच्याच लागवड शाखेची माणसं यंत्र घेऊन आली आणि दीड दिवसात सगळं साफ करून गेली. खड्डे खणले, रांगेत रोपं लावली, पाटी ठोकली. "मी सांगितलं त्यांना," दादा म्हणाला, "हे जंगलच आहे, आणखी काय लावताय? तर म्हणाले, कागदावर ही मोकळी जागा आहे." तो तिच्याकडे बघत नव्हता. डब्याच्या झाकणाची कड अंगठ्याने दाबत होता. तिने बिल्ले मोजले. दोनशे सहा भरले. सही करून देऊ का असं तिने विचारलं, कारण दुसरं काय विचारावं ते सुचेना.

त्याच दुपारी ती आपल्या पायांनी एकपानीच्या खोलीत गेली होती. आधीची चार वर्षं ती त्याला टाळत आली होती. हा मूळचा वर्तमानपत्रातला माणूस, संस्थेने प्रसिद्धीसाठी घेतलेला. उपाहारगृहाला लागून त्याची खोली, तिथे सदा तळणाचा वास. येईल त्याला तो एकच सांगायचा, एका पानात सांगा. माती-विभागाचे प्रमुख म्हणत, हा उद्या लग्नपत्रिकेतून नवरदेव गाळेल. त्या दिवशी मात्र त्याने तिला बसवलं, चहा मागवला आणि डबा उघडून बघितला. मग म्हणाला, "समजा, मंत्री तुम्हाला जिन्यात भेटले. ते वर चाललेत, तुम्ही खाली. मधे एक पायरी आहे. काय सांगाल?" ती म्हणाली, "जंगलाला एकटं सोडा." त्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

रेडिओवरच्या बातमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरळ त्याच खोलीत शिरली. रात्रभर मनात जुळवलेलं भाषण पाठ होतं. संशोधन म्हणजे जाहिरात नव्हे, एकोणीस वर्षांच्या कामाचा चुथडा, जबाबदारी कोणाची, वगैरे. तिने ते सगळं म्हणून दाखवलं. एकपानीने मधे तोंड घातलं नाही. तो बुटका, टकला माणूस खुर्चीत मागे रेलून ऐकत राहिला, आणि ती दम घ्यायला थांबली तसा उठून कपाटातून एक फाइल काढून तिच्यासमोर उघडून ठेवली. तेच पान, पहिला मसुदा. शेवटच्या परिच्छेदात टाइप केलेलं होतं, 'चौसष्टपैकी तेवीस ठिकाणी मात्र जंगल परत आलेलं नाही. अशा जागा आधी ओळखून तिथे लागवड करणं आवश्यक आहे.' दोन्ही वाक्यांवर पेन्सिलीची आडवी रेघ होती, एकदा मारून वर पुन्हा गिरवलेली. कडेला बारीक तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हे नको. यातून त्यांना पळवाट मिळेल.'

"अक्षर तुमचं आहे," तो म्हणाला. सुरात कुरघोडी नव्हती, उलट थोडी अडचणच होती, पाहुण्याला त्याची राहिलेली छत्री परत करावी तशी.

तिला आठवत नव्हतं असं नाही. हे तिचं तिलाच उभ्या उभ्या कळलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आठवत होतं, फक्त ती त्या आठवणीकडे वळून बघत नव्हती. त्या दिवशी ती टेबलाच्या याच बाजूला बसली होती, डबा मांडीवर होता. 'मात्र' हा शब्द वाचताना तिला लागवड शाखेचं यंत्र दिसलं होतं. या 'मात्र'मधून ते आत शिरतील असं वाटलं होतं, आणि रेघ मारताना बरं वाटलं होतं, चक्क बरं, एखाद्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं. एकपानीने तेव्हा विचारलंही होतं, नक्की ना बाई? ती म्हणाली होती, नक्की. नंतरच्या दोन वर्षांत ते पान हातोहात वर गेलं, खात्यातून सचिवांकडे, तिथून मंत्र्यांकडे, आणि तिने लोकांना सांगायला सुरुवात केली की एकपानीने जरा जास्तच छाटलं. आधी गमतीने. मग खरोखर तसंच झालं होतं असं तिला वाटू लागलं.

"तुम्ही बोलला का नाहीत? संस्थेत सगळे तुम्हालाच नावं ठेवतात," तिने विचारलं.

"मला सवय आहे," एकपानी म्हणाला. "शिवाय पान चाललं होतं हो. एवढं चाललेलं पान मी आयुष्यात लिहिलं नव्हतं." मग थोडं थांबून, "आता काय करायचं ते बोला."

तीन दिवसांनी ती उपसचिवांच्या खोलीत बसली होती. पाचव्या मजल्यावरची खोली, खिडकीत एसीचा खोका, भिंतीला लागून फायलींचे गठ्ठे. उपसचिव पन्नाशीचे, थकल्या डोळ्यांचे, बोलताना समोरचा कागद टेबलाच्या कडेला समांतर लावत राहायचे. तिचं पान त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली होतं. त्यांनी ते बोटाने दाखवलं. "मॅडम, अकरा वर्षं मी या खात्यात आहे. तज्ज्ञाचा कागद वरपर्यंत अख्खा वाचला गेलेला हा पहिलाच. मंत्र्यांना पाठ आहे."

"त्यातलं अर्धं राहिलंय साहेब," ती म्हणाली आणि पिशवीतून दुसरं पान काढलं. तेही एकच पान होतं. वर तेवीस जागांचं सांगितलेलं, खाली लिहिलेलं की पहिल्या टिपणातून ही माहिती मी स्वतः गाळली, चूक माझी. सही, तारीख. त्यांनी ते वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं आणि चष्मा काढला.

"उरलेलं अर्धं इतकी वर्षं कुठे होतं?"

"अहवालात. एकशे चाळीस पानं आहेत."

"ती कोण वाचणार?"

"म्हणून तर एक पान केलं."

ते हसले नाहीत. "तुम्हाला कळतंय ना याचं काय होईल? हा कागद मी फाइलला लावला की फाइल लागवड शाखेकडे अभिप्रायाला जाणार. जावीच लागते. ते म्हणतील, बघा, शास्त्रज्ञच सांगताहेत की सोडून चालत नाही. मसुदा मागे. पुन्हा समिती. वर्ष जाईल, कदाचित दोन. आणि तेवढ्यात त्यांची यंत्रं थांबणार नाहीत." त्यांनी कागद काचेच्या कडेला समांतर लावला. "आता दुसरं ऐका. हा कागद मला मिळालाच नाही असं समजू. नियम महिन्याभरात निघतो. एक्केचाळीस जागा वाचतात. तुमच्या त्या तेवीस उघड्या राहतात, गवत वाढतं. पाच वर्षांनी दुरुस्ती आणू. कुणी मरत नाही."

खोलीत पंखा एका ठरावीक ठिकाणी आला की टक् करायचा. ती तो आवाज मोजत राहिली. गृहस्थ खोटं बोलत नव्हते. त्यांनी सगळं उघड मांडलं होतं आणि त्यांच्या हिशेबात चूक काढता येत नव्हती. तिला नऊ नंबर आठवला, तिथली सावली. मग एकदम दुसरीच जागा डोळ्यांपुढे आली, बावन्न नंबर, तेविसांतली एक, वरच्या वस्तीच्या डोक्यावरचा उघडा उतार. तिथल्या बायका दरवर्षी विचारायच्या, बाई, इथे झाडं कधी येणार, माती खाली घरात येते. आणि ती सांगायची, इथे लावावी लागतील, मी लिहिलंय वर. सोळा वर्षं ती हेच सांगत आली होती. आता नियम आला की त्या उतारावर रोप लावणं गुन्हा ठरणार होतं, आणि तेही तिचं वाक्य दाखवून. कुणी मरत नाही. एखाद्या वर्षी मरेलही.

"कागद मिळाला असं समजा, साहेब," ती म्हणाली. "पोच द्या."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग शिक्का मारून पोच दिली.

पुढचं सगळं त्यांनी सांगितलं तसंच झालं, थोडं जास्तच. लागवड शाखेने तिच्या पानाच्या प्रती काढून वाटल्या. एका वर्तमानपत्रात 'जंगल आपोआप येत नाही, शास्त्रज्ञाची कबुली' असा मथळा आला. संचालकांनी बोलावून घेतलं आणि दार लावून विचारलं की तुम्हाला संस्थेशी काही वैर आहे का. उपाहारगृहात ती गेली की गप्पांचा आवाज बसायचा. आई रोज पेपर वाचून घडी घालून ठेवायची. एकदाच म्हणाली, "एक्स्चेंजमध्ये चुकीचा नंबर जोडला गेला, तर आम्ही मधे बोलून सांगायचो, माफ करा, चुकून लागला. लोक शिव्या द्यायचे. पण सांगायचोच." आणि मग लगेच, "जेवून घे." एप्रिलात दादाचा फोन आला. मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती. "बाई, एकतीस गेला. बिल्ले गोळा करू का?" एकतीस नंबर एक्केचाळिसांतला होता. तिने रेघ तशीच राहू दिली असती, तर नियम महिन्यापूर्वीच निघून तो वाचला असता. हे दादालाही ठाऊक होतं, तिने त्याला सगळं सांगितलं होतं. "करा," ती म्हणाली. फोन ठेवून ती जिन्यात जाऊन बसली. तिथे कुणी येत नव्हतं. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही, आणि वीस मिनिटांनी ती उठून कामाला लागली.

कामही होतं, कारण समितीने विचारलं होतं की अशा जागा ओळखायच्या कशा. प्रश्न तिरकस होता, उत्तर येणार नाही या बेताने विचारलेला. एकशे चाळीस पानांत मातीच्या घनतेची कोष्टकं होती, ती मोजायचं उपकरण अख्ख्या खात्यात एकच होतं आणि तेही बिघडलेलं. ती आणि एकपानी सहा आठवडे त्या तळणाच्या वासात बसले. तो विचारायचा, "घनता म्हणजे काय? वनरक्षकाला काय दिसतं?" ती चिडायची, समजावायची, पुन्हा चिडायची. एकदा ती म्हणाली, "अहो, साधी काठी रोवून बघितली तरी कळतं." तो लिहिता लिहिता थांबला. "हे आधी का नाही सांगितलंत?" अशा रीतीने चार प्रश्न उरले. बुंधे जिवंत आहेत का. बी देणारं मोठं झाड उभ्या जागेवरून दिसतं का. काठी मातीत वीतभर जाते का. काही उगवायला लागलंय का. उत्तर हो किंवा नाही. तीन हो आले तर सोडा, नाहीतर लावा. या वेळी शेवटचा मसुदा तिने दादाला फोनवर वाचून दाखवला आणि त्याला कळला नाही तो शब्द बदलला.

नियम अकरा महिन्यांनी निघाला. सरसकट गेलं, त्या जागी 'पाहणीअंती' आलं. मंत्री बदलले होते, नव्यांनी भाषण केलं नाही. उपसचिवांनी प्रत पाठवली, सोबत चिठ्ठी नव्हती.

पहिल्या पाहणीला ती आगंतुकासारखीच गेली. दादा निवृत्त झाला होता. त्याच्या जागी आलेली वनरक्षक तिशीची, वेगाने चालणारी, हातात पॅड आणि काठी. सोबत येणारी बाई संस्थेतली आहे एवढंच त्या वनरक्षकला कळवलेलं होतं. तीन उतार सुरळीत झाले, दोन सोडायचे, एक लावायचा. चौथ्यावर घोडं अडलं. बुंधे निम्मे जिवंत होते, निम्मे मेलेले. मोठं झाड दिसत होतं, पण ओढ्यापलीकडे आणि एका बाजूने वाळलेलं. काठी एका ठिकाणी वीतभर गेली, दोन पावलांवर टणक लागली. उगवलेलं काही होतं, पण ते टिकेल असं एकोणीस वर्षं मोजूनही तिला छातीठोकपणे म्हणता येईना. वनरक्षक पेन उघडून उभी होती. वारा होता, पॅडवरचा कागद फडफडत होता.

"मॅडम, हे सोडायचं की लावायचं?"

ती उतारावर थोडी वर गेली, खाली आली, वाकून मातीचं ढेकूळ बोटांत चुरलं. काहीतरी सांगून टाकणं सोपं होतं. ती सांगेल ते लिहिलं गेलं असतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

वनरक्षकने कागदाच्या दोन्ही बाजू बघितल्या. "तसा रकाना नाहीये."

"नाहीये. आमच्या लक्षातच आलं नाही."

वनरक्षकने क्षणभर विचार केला. मग पॅड गुडघ्यावर टेकवून रकान्यांच्या खालच्या मोकळ्या जागेत, एकेक शब्द पुटपुटत, लिहायला लागली. 'संस्थेच्या बाईंना विचारलं. त्यांनाही माहीत नाही. तूर्त काही करू नये. पुढच्या वर्षी याच दिवसांत येऊन परत बघावं.' लिहून झाल्यावर तिने पॅड पुढे केलं. "तुमची सही लागेल इथे. वर पाठवायचंय."

तिने वाचलं आणि सही केली. मग दोघी पाचव्या उताराकडे निघाल्या.